दारी आलेले हत्ती

दारी हत्ती झुलणे हे आपल्या भाषेने वैभवाचे लक्षण मानले आहे. ज्या काळी हा वाक्प्रचार रूढ झाला त्या काळी हत्ती सरदाराच्या दारी साखळदंडाने बांधलेला असे आणि त्याच्या चाऱ्याचा खर्च रयतेच्या वसुलीतून निघत असे, एवढी गोष्ट मात्र वाक्प्रचाराने सांगितली नाही. आज गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा, कोरची, कुरखेडा वा आरमोरी तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याच्या दारी हत्ती खरोखरच येऊन उभा राहतो. साखळदंड नसतो, माहूत नसतो. चाऱ्याचा खर्च तेवढा पूर्वीप्रमाणेच रयतेकडून वसूल होतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडची सीमा ओलांडून सुमारे वीस-बावीस रानहत्तींचा एक कळप धानोरा तालुक्यात उतरला. आला तसा जाईल, असे तेव्हा वनखात्यापासून गावकऱ्यांपर्यंत बहुतेकांना वाटले. तो गेला नाही. पुढच्याच वर्षी त्याने गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगाव आणि नवेगावचे जंगल पाहिले, भंडारा जिल्ह्यात पाऊल टाकले आणि पुन्हा गडचिरोलीची वाट धरली. पाहुणा म्हणून ज्याचा उल्लेख अजूनही सरकारी बोलण्यात होतो तो हत्ती आता येथला रहिवासी झाला आहे. सरकार ही गोष्ट मान्य करून त्याप्रमाणे वागणार की नाही, आमच्या मते आजचा खरा प्रश्न एवढाच आहे.

गडचिरोलीची गोष्ट म्हणून नागपूरच्या वाचकाने ती दूरची समजू नये. २०२२ च्या अखेरीस हा कळप साकोली तालुक्यापर्यंत आला होता आणि साकोली येथून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. परंतु किलोमीटरच्या हिशेबापेक्षा जवळचा दाखला आपल्या वेशीवरच आहे. हिंगणा तालुक्याच्या एका अंगाला औद्योगिक वसाहतीचे कारखाने आहेत, आणि दुसऱ्या अंगाला बोरचे जंगल आहे. हे जंगल १९७० पासून अभयारण्य आणि २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. या तालुक्यात कारखान्यात पाळी करणारा मुलगा आणि रात्री तुरीच्या शेतात जागल करणारा बाप एकाच घरात सापडतात. रोह्यांनी शेंडे खाल्ले, डुकरांनी वाफे उकरले, पंचनाम्याला कोणी आले नाही, आले तर पैसे आले नाहीत, ही तक्रार हिंगण्याच्या आठवडी बाजारात ज्याने ऐकली असेल त्याला कोरचीच्या शेतकऱ्याची स्थिती समजावून सांगण्यास फार शब्द लागू नयेत. त्याने फक्त डुकराच्या जागी हत्ती घालून पाहावा. पूर्ण वाढलेला हत्ती दिवसाकाठी दीडशे किलोपर्यंत चारा खातो, शंभर लिटरहून अधिक पाणी पितो, आणि खातो त्याहून अधिक तुडवितो. वीस-बावीस हत्ती एका रात्री एखाद्या बांधीत उतरले म्हणजे सकाळी तेथे चिखल शिल्लक राहतो. डुकरापासून काही भाग वाचतो. हत्तीपासून हंगाम वाचत नाही. आणि पूर्व विदर्भातल्या कोरडवाहू धानशेतीत हंगाम वर्षाला एकच असतो.

शेताबरोबर घरही जाते. काढणीनंतर धानाचे पुंजणे शेतात उभे असतात, तेथे हत्ती पहिल्याने येतात. मळणी करून धान घरात नेले तर त्याच्या वासाने ते घराकडे वळतात. मोहाची फुले वा मोहाची दारू घरात असेल तर कुडाची भिंत त्यांना अडवू शकत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील नागणडोह या जंगलातील लहानशा आदिवासी वस्तीवर कळप चालून गेला, झोपड्या उद्ध्वस्त झाल्या, एक माणूस मेला, आणि तेथील कुटुंबांना वस्ती सोडावी लागली. सप्टेंबर २०२३ मध्ये आरमोरी भागात हत्तींवर पाळत ठेवणाऱ्या वनखात्याच्या पथकातील एक वाहनचालक हत्तीच्या हल्ल्यात ठार झाला. एप्रिल २०२४ मध्ये एक एकटा नर प्राणहिता ओलांडून तेलंगणाच्या कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेला आणि दोन दिवसांत त्याने तेथील दोन शेतकऱ्यांचा बळी घेतला. ज्या जिल्ह्याने हत्ती कधी पाहिला नव्हता तेथे, हत्ती आला असता धावावे की थांबावे, दिवा लावावा की विझवावा, याचे ज्ञान कोणाला असणार? म्हैसूर वा आसामच्या जंगलकाठच्या गावांत हे ज्ञान आजोबांकडून नातवाकडे जाते. आमच्या गडचिरोलीत ते माणसाच्या मरणाने मिळत आहे.

या लोकांच्या मनात हत्तीविषयी द्वेष आहे, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. याच जिल्ह्यात कमलापूर येथे वनखात्याचा हत्तीतळ आहे. पूर्वी लाकूड ओढण्याच्या कामी असलेले हे हत्ती २०२२ मध्ये गुजरातेत जामनगरला हलविण्याचा बेत निघाला, तेव्हा जिल्ह्यातून एवढा विरोध झाला की तळ जागेवर राहिला. जो माणूस पाळलेल्या हत्तीसाठी सरकारशी भांडतो त्याला रानहत्तीचा शत्रू बनविण्यास मोठी सरकारी हेळसांड लागते. ती हेळसांड कशी होते याचा धडा महाराष्ट्राने एकवार गिरविला आहे, म्हणून तो येथे थोडा विस्ताराने सांगणे आम्हांला अगत्याचे वाटते.

महाराष्ट्रात हत्ती नवा आहे, ही समजूत अर्धवट आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात हत्तींच्या प्रदेशांची प्रतवारी लावली आहे. तीत कलिंग आणि अंग येथील हत्ती उत्तम आणि अपरान्तातील, म्हणजे आपल्या कोकणातील, हत्ती मध्यम ठरविले आहेत. हत्तीला मारणाऱ्यास त्याने देहान्ताची शिक्षा सांगितली, ती अर्थात भूतदयेने नव्हे. राजाला सैन्यासाठी हत्ती हवे होते. पुढे शतकानुशतके कोकणातून रानहत्ती नाहीसा झाला आणि २००२ मध्ये कर्नाटकातून दोडामार्ग तालुक्यात परत आला. तेथून तो सिंधुदुर्गात पसरला, चंदगड-आजऱ्याच्या उसात शिरला. नारळ, पोफळी, केळी यांच्या बागा उभ्या करण्यास शेतकऱ्याचे अर्धे आयुष्य जाते, आणि त्या एका रात्रीत आडव्या होऊ लागल्या. सरकारने काय केले? प्रथम हत्ती परत जातील म्हणून वाट पाहिली. मग त्यांना सीमेपलीकडे हाकलले. ते परत आले. फटाके झाले, खंदक झाले, मिरचीची धुरी झाली. २०१५ मध्ये कुडाळ तालुक्यातील माणगाव खोऱ्यात तीन हत्ती पकडण्यात आले. बंदिवासात ते सर्व जगले नाहीत, आणि रिकाम्या झालेल्या रानात पुन्हा दुसरे हत्ती आले. एप्रिल २०२५ मध्ये दोडामार्गच्या मोर्ले गावात एका शेतकऱ्याचा बळी गेला, तेव्हा हत्ती पकडा ही मागणी २००२ नंतरच्या कोणत्याही वर्षी ऐकू आली असती त्याच शब्दांत पुन्हा ऐकू आली. दोन तपे उलटली तरी हत्ती राहणार की जाणार याचा निर्णय झाला नाही. आणि निर्णय नसल्यामुळे दर वर्षी तात्पुरत्या उपायांवर पैसा तेवढा खर्च होत राहिला.

येथे एक विसंगती नोंदविल्यावाचून आम्हांला राहवत नाही. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणी मठाची महादेवी हत्तीण जामनगरला गेली. साऱ्या जिल्ह्याने अश्रू ढाळले, हजारो माणसे पायी कोल्हापूरला चालत गेली, आणि मंत्रिमंडळाला त्याची दखल घ्यावी लागली. त्या भावनेचा आम्ही अनादर करीत नाही. परंतु त्याच जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यात रानहत्तींनी शेती तुडविली म्हणून असा एकही मोर्चा राजधानीला हलवू शकला नाही. माणसाळलेला हत्ती आपल्या भक्तीचा विषय होतो, मखरातला तर दैवतच होतो. रानातल्याचा विचार करण्याची जबाबदारी मात्र आपण ज्याच्या शेतात तो शिरला त्याच्यावर सोपवून मोकळे होतो.

आता हत्ती गडचिरोलीत का आले, हे पाहू. ते हौसेने आलेले नाहीत. ओडिशा, झारखंड आणि उत्तर छत्तीसगडची जंगले कोळसा, लोखंड व बॉक्साइट यांच्या खाणींनी, रेल्वेने, कालव्यांनी तुकडे तुकडे झाली. सरगुजा व जशपूरच्या रानांत १९८० नंतरच्या दशकात पूर्वेकडून हत्ती येऊ लागले. पुढे ते कोरबा, रायगड करीत दक्षिणेस सरकले, आणि त्या सरकण्याचेच पुढचे पाऊल आपल्या सीमेत पडले. छत्तीसगडने लेमरू येथे १,९९५ चौरस किलोमीटरचा हत्ती राखीव प्रदेश २०२१ मध्ये, म्हणजे कळप आपल्याकडे उतरला त्याच वर्षी, अधिसूचित केला. विधानसभेत त्याचा ठराव झाला होता २००५ मध्ये! मधल्या सोळा वर्षांत हसदेवच्या जंगलातील कोळशाचा विचार हत्तींच्या विचाराआधी झाला, हे सर्वविदित आहे. शाळेत नकाशा शिकविण्याचे काम आम्ही काही वर्षे केले आहे. राज्यांच्या सीमा वेगवेगळ्या रंगांनी रंगविल्या की मुलांच्या चटकन ध्यानात राहतात. परंतु धानोऱ्याचे जंगल आणि पलीकडचे मोहला-मानपूरचे जंगल यांत हत्तीला रंगाचा फरक दिसत नाही.

२०२५ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने लिदीतील जनुकांवरून केलेला हत्तींचा देशव्यापी अंदाज प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात २२,४४६ रानहत्ती आहेत. मध्य भारत व पूर्व घाट मिळून त्यांपैकी १,८९१, म्हणजे शंभरात नऊही नाहीत. महाराष्ट्रात अवघे ६३. देशात हत्तींमुळे दर साल पाचशेहून अधिक माणसे मरतात, आणि त्यांपैकी निम्म्याच्या जवळपास मृत्यू या थोड्या हत्तींच्या मध्य भारतीय प्रदेशात होतात. कर्नाटकात सहा हजार हत्ती असूनही तेथील मृत्यूंचे प्रमाण असे नाही. हत्ती फार झाले म्हणून माणसे मरतात, हे सोपे अनुमान या आकड्यांपुढे टिकत नाही. जेथे जंगल सलग आणि ओळख जुनी, तेथे हानी कमी. जेथे जंगल फाटलेले आणि दोघेही एकमेकांस अनोळखी, तेथे ती अधिक. गडचिरोलीचे भाग्य असे की, तेथील जंगल अद्याप फाटलेले नाही. जिल्ह्याचा दोन-तृतीयांश भाग वनाच्छादित आहे. परंतु सूरजागडच्या टेकड्यांतून लोहखनिज निघू लागले आहे, आणि जिल्हा पोलादाचे केंद्र करण्याच्या घोषणा मुंबईतून वरचेवर होतात. रोजगाराला आमचा विरोध नाही. ज्या जिल्ह्यातील तरुण आजवर बंदूक आणि बेकारी यांच्यात अडकला त्याला काम मिळालेच पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच की, ज्या कारणाने हत्ती सरगुज्यातून निघाले तेच कारण आपण गडचिरोलीत निर्माण करीत आहोत काय, हा प्रश्न खाणपट्टे, रस्ते व रेल्वेमार्ग यांच्या आखणीपूर्वी विचारला जावा. हत्ती कोणत्या वाटांनी जातात याची नोंद वनखात्याजवळ २०२१ पासून आहे. ती खनिकर्म खात्याच्या टेबलावर ठेवण्यास कोणत्या मुहूर्ताची गरज आहे?

या विषयावर दोन टोकांची मते ऐकू येतात. पहिले असे की, हत्ती पकडून दूर कोठे तरी न्यावेत. एखादा नर माणसांवर वारंवार चालून जात असेल तर त्याला पकडावे लागेल, ते आम्ही समजू शकतो. परंतु कळप पकडणे म्हणजे माद्या, पिले यांच्यासह सारे कुटुंब उचलणे होय. मादी बावीस महिने गर्भ वाहते आणि कळप वृद्ध मादीच्या स्मृतीवर चालतो. शिवाय जंगल मोकळे राहिले तर दुसरा कळप येतो, हे माणगाव खोऱ्याने दाखविले आहे. दुसरे मत शहरातील प्राणिप्रेमी सज्जनांचे. जंगल हत्तींचे आहे, माणसांनी तेथून उठावे, असे ते म्हणतात. ज्यांच्या पूर्वजांनी ते जंगल राखले त्यांनाच अतिक्रमक ठरविणारे हे भूतप्रेम आम्हांला मान्य नाही. धानोरा तालुक्यातच मेंढा-लेखा गाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळविणारे हे गाव देशात अग्रणी ठरले, आणि त्याच्यामागून जिल्ह्यातील कित्येक ग्रामसभांनी आपले जंगल कायद्याने आपल्या हाती घेतले. हत्ती ज्या रानात शिरले आहेत त्याची राखणदार आज पुष्कळ ठिकाणी ग्रामसभा आहे. मग हत्तींविषयीची योजना नागपूरच्या वनभवनात तयार होऊन तिकडे जावी, की ग्रामसभांबरोबर बसून तयार व्हावी? कोठे तळे राखावे, कोठला बांबू कापू नये, मोह कोठे साठवावा, हे त्या माणसांइतके कोणाला ठाऊक असणार?

उपाय अगदीच अज्ञात आहेत, असेही नाही. तमिळनाडूत वालपराईच्या चहामळ्यांत हत्ती कोठे आहेत याची वार्ता भ्रमणध्वनीवरील संदेशाने आणि चढावर लावलेल्या लाल दिव्यांनी देण्याची व्यवस्था झाली, आणि तेथील अपमृत्यू घटले. छत्तीसगडात आकाशवाणीवरून ‘हमर हाथी, हमर गोठ’ या कार्यक्रमातून कळप कोठे आहे ते सांगितले जाई. आपल्याकडे गडचिरोलीच्या कित्येक गावांत दूरध्वनीचा संदेश पोहोचत नाही. तेथे कोतवालाची दवंडी पोहोचते आणि आकाशवाणीही पोहोचते. श्रीलंकेत जंगलाभोवती कुंपण घालण्याऐवजी गावकऱ्यांनी धानाभोवती हंगामापुरते सौम्य विजेचे कुंपण घालावे, काढणीनंतर ते उतरवावे, असा प्रयोग झाला. शेतकरी स्वतः ते सांभाळतो म्हणून ते टिकते. डुकरांसाठी थेट वीजवाहिनीची तार सोडण्याचा जो जीवघेणा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो, आणि ज्यात हत्ती, वाघ आणि माणूस यांत भेद राहत नाही, त्याला हा पर्याय आहे. हत्ती हाकलण्यासाठी पश्चिम बंगालमधून हुल्ला पथके बोलाविण्यात आली. त्यांच्या अनुभवाचा उपयोग मागावर राहण्यास व्हावा. जळते भाले आणि मशाली घेऊन कळप उधळण्यास नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ज्याला प्रतिबंध केला त्याच प्रकाराने ऑगस्ट २०२४ मध्ये झाडग्राम येथे एक हत्तीण मेली, हे विसरता येत नाही. उधळलेला कळप पुढच्या गावात अधिक चिडून शिरतो, हे तर कोणीही सांगेल.

नुसत्या सदिच्छेने काय होते, ते शेजारच्या मध्य प्रदेशात दिसले. बांधवगडला २०१८ पासून हत्तींचा कळप राहिला, सरकारने तो ठेवूनही घेतला. ऑक्टोबर २०२४ मध्ये बुरशी लागलेल्या कोदोच्या पिकावर चरून तेथे दहा हत्ती मेले. कोदो आपल्याकडेही पिकतो. हत्ती ठेवून घेणे म्हणजे तो काय खातो, कोठे पाणी पितो, त्याला कोणता रोग होतो हे रोज पाहणे. त्यासाठी माणसे, पशुवैद्य आणि पैसा लागतो.

राहिली भरपाईची गोष्ट, आणि आमच्या मते सारे येथेच अडते. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस मेला तर त्याच्या वारसांना द्यावयाची रक्कम महाराष्ट्राने २०२२ मध्ये वीस लाखांवर आणि पुढे पंचवीस लाखांवर नेली. याबद्दल सरकारला श्रेय दिले पाहिजे. २०२३ मध्ये भरपाईला मुदत बांधून देणारा आणि विलंबास व्याज लावणारा कायदाही विधिमंडळाने केला. परंतु धानाच्या बांधीच्या भरपाईसाठी वनरक्षक, तलाठी आणि कृषी सहायक या तिघांची पावले एकाच शेतात पडावी लागतात. सातबारा मागितला जातो. ज्याचा वनहक्काचा दावा अजून लोंबकळत आहे त्याच्याजवळ तो नसतो. घरात साठविलेले धान गेले तर ते पीक की घरसामान, यावरही कागद अडतो. मृत्यूची किंमत सरकारने वाढविली, परंतु जगणाऱ्याचे पोट ज्या धानावर आहे त्याचा दाम वेळेवर देण्याची यंत्रणा उभी केली नाही. ज्याचे नुकसान आठवड्यात भरून निघेल तो हत्तीला रात्रभर दुरून पाहील. ज्याला सहा महिने खेटे घालावे लागतील तो तार सोडील, विष घालील, आणि मग आम्ही शहरात बसून त्याला क्रूर म्हणू.

नागपूर करारानुसार वर्षातून एकदा विधिमंडळ येथे भरते, ते सहसा डिसेंबरात. आणि त्याच दिवसांत कोरची-धानोऱ्याच्या शेतांत धानाचे पुंजणे उभे असतात. तेव्हा वनमंत्र्यांनी सभागृहाच्या पटलावर पुढील माहिती ठेवावी: हत्तींमुळे झालेल्या नुकसानीचे २०२१ पासून गडचिरोली, गोंदिया व भंडारा या जिल्ह्यांतून किती अर्ज आले, प्रत्येकाची रक्कम किती दिवसांनी मिळाली आणि सातबाऱ्याअभावी किती फेटाळले गेले; हत्तींच्या ज्ञात वाटांवर किती खाणपट्टे मंजूर वा प्रस्तावित आहेत; आणि छत्तीसगड, मध्य प्रदेश व तेलंगण यांच्या वनखात्यांशी एकत्र बैठक कोणत्या तारखेस होणार. विदर्भातील आमदारांनी, हिंगण्यापासून अहेरीपर्यंतच्या सर्वांनी, पक्षभेद बाजूस ठेवून हे तारांकित प्रश्न म्हणून विचारावेत. उत्तरे मिळतील तेव्हा ती आम्ही याच जागी छापू.